पेटीबाईंचं पाचारण

माझी मावशी पँटी आखूड करून द्यायची. कोट, झगे, लग्नाचे पोशाख असलं दिमाखदार काम तिच्याकडे कधी आलं नाही. यायच्या त्या लांब झालेल्या पँटी, बिघडलेल्या चेन आणि पोट सुटल्यामुळे न बसणाऱ्या कमरा. दाताच्या दवाखान्याखाली तिची एक खोली होती. खोलीत शिवणमशीन, इस्त्रीचं टेबल आणि पडद्याआड कपडे घालून बघायची जागा. वर डॉक्टरांचं यंत्र घरघरायला लागलं की खाली पडद्यामागचं गिऱ्हाईक उगाचच दात आवळायचं. पोटापुरतं ती या खोलीत कमवायची, आणि मान कमवायची चर्चमध्ये, दर रविवारी. तिथे ती पायपेटी वाजवायची. बत्तीस वर्षं. सगळे तिला पेटीबाई म्हणत.

आता वाजवायची म्हणजे काय करायची, ते सांगितलंच पाहिजे. पायपेटीचा भाता पायांनी हलवायचा आणि सूर हातांनी काढायचे. मावशीच्या पायांना आठवडाभर मशीन मारायची सवय. त्यामुळे गीत आनंदाचं असो की मयताचं, ते सरळ शिवणीसारखं भरधाव सुटायचं आणि कडव्याच्या शेवटी, कापड वळवताना मशीन हळू करतात तसं, एकदम रेंगाळायचं. त्यात मधली एक पांढरी पट्टी दाबली की खालीच बसायची. मावशी वाजवणं थांबवून अंगठ्याच्या नखाने ती उचकटायची, वर काढायची आणि मग पुढे जायची. तेवढा वेळ सगळी मंडळी तोंडं उघडी ठेवून तोच सूर धरून उभी. नवखा पाहुणा असला तर तो बिचारा एकटाच पुढे जायचा आणि भर चर्चमध्ये उघडा पडायचा.

यावर सगळे बोलत. फक्त तिच्यासमोर बोलत नसत. हार्डवेअरच्या दुकानाचे मालक, जे मंडळीचे वडील, म्हणजे चर्चच्या कारभारातले पंचही होते, म्हणायचे, "पेटी वाजवतात की पेटीला मारतात?" निवृत्त मुख्याध्यापिका, ज्यांना आम्ही मोठ्या बाई म्हणायचो, गीत संपलं की रुमालाने कान पुसायच्या. पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण? शिवाय मावशी पेटी फुकट वाजवायची, आणि फुकटच्या माणसाला काढून टाकणं आमच्या मंडळीत मोठं पाप समजलं जाई. मीही काही कमी नव्हते. मी तिची भाची, तिच्याच खोलीत काज-बटणं करणारी. तिनेच संगीताच्या वर्गाला घातलं, पाच वर्षं फी भरली, आणि मी शहाणी होऊन तिच्याच चुका मोजायला लागले.

त्या वर्षी आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी 'देवाची अवघड आज्ञा' या विषयावर सलग चार रविवार धडे दिले. माणूस चांगला होता, पण स्वतःचा आवाज त्यांना फार आवडायचा. देव सोपं काम सांगत नाही, असं त्यांनी पहिल्या रविवारी सांगितलं. दुसऱ्या रविवारी म्हणाले, हाक आली की सबबी सांगायच्या नाहीत. तिसऱ्या रविवारी, उशिरा ऐकणं म्हणजे न ऐकणंच. चौथ्या रविवारी काय सांगितलं ते कोणाला आठवत नाही, कारण त्या दिवशी पंखे बंद होते. पहिल्याच रविवारी त्यांनी घरचा अभ्यासही दिला होता: रोज प्रार्थनेत विचारायचं, प्रभू, माझ्याकडून तुला कोणतं अवघड काम करून घ्यायचंय? आणि पाचव्या रविवारी उभं राहून साक्ष द्यायची.

पाचव्या रविवारी देवाने आमच्या मंडळीवर केवढी माया केली, विचारू नका. हार्डवेअरवाल्यांना दूरच्या बेटांवर जाऊन सुवार्ता सांगण्याची हाक आली होती. जायचं मात्र हवा चांगली असताना, आणि तिथे त्यांच्या मेहुण्याचं घरही होतं. मोठ्या बाईंना देवाने लोकांच्या चुका त्यांच्या तोंडावर सांगायला सांगितलं होतं. हे काम त्या शाळा सुटल्यापासून विनापगार करतच होत्या. एकाने साखर सोडली, एकीने सुनेला क्षमा केली आणि ते सुनेच्या देखत सांगितलं. पाळकसाहेब प्रत्येकाला "आमेन" म्हणत होते.

मग पेटीमागून मावशी उठली. रविवारचा निळा झगा, बोटात शिवताना घालायचं अंगुस्तान तसंच राहिलेलं.

"मला देवाने सांगितलंय," ती म्हणाली, "की बाई, आता पेटी वाजवू नकोस."

आमेन आलं नाही.

सुंठीवाचून खोकला गेला म्हणून लोक खरं तर नाचायला हवे होते. पण मंडळी गोरीमोरी झाली. पाळकसाहेब पायरी उतरून खाली आले आणि हळू आवाजात, म्हणजे शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा, म्हणाले, "पेटीबाई, पाचारण म्हणजे ऊठ, चल, कर! 'गप्प बस' असं पाचारण कधी ऐकलंय का?"

"मीही नव्हतं ऐकलं," मावशी म्हणाली. "म्हणून तर तीन आठवडे परत परत विचारलं. तो तेच सांगतोय."

"तुम्हाला थकवा आला असेल."

"थकवा कसला? मला तर वाजवायचंय, पाळकसाहेब. मरेपर्यंत वाजवायचंय." तिने पेटीच्या झाकणावर हात ठेवला. "तुम्हीच म्हणालात ना, देव सोपं सांगत नाही?"

मी तिसऱ्या बाकावर होते आणि मला तिचा राग आला होता. सगळ्यांसमोर हे काय? पण खरं सांगायचं तर रागाच्या खाली आनंद होता. पेटी वाजवणारी दुसरी मीच होते. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, तो नागोबा मी, परीक्षेचं प्रमाणपत्र घेऊन तयार.

मावशी त्या दिवसापासून चौथ्या बाकावर, भिंतीकडेला बसायला लागली. ती काय सोडून आली होती, ते मला तेव्हा कळायला हवं होतं. पेटीच्या स्टुलावर ती पेटीबाई होती. बाकावर ती एक पँटी आखूड करणारी बाई होती, आणि तशा गावात आणखी चार होत्या. खोलीतही तिचं चित्त लागेना. एका गिऱ्हाइकाच्या पँटचा एक पाय दुसऱ्यापेक्षा बोटभर आखूड शिवला. गिऱ्हाईक ओरडलं तर ती नुसती म्हणाली, "द्या, उसवते."

इकडे मी पहिल्यांदा काय केलं असेल, तर पेटी दुरुस्त करून घेतली. कारागीर आला, त्याने ती बसणारी पट्टी खोलली, खालून नवी स्प्रिंग टाकली. पट्टी आता दाबली की टुणकन वर. पहिल्या रविवारी मी पहिलं गीत चोख लयीत सुरू केलं. दुसऱ्या ओळीला ती पट्टी आली, गेली, मी पुढे निघाले. आणि मागे बघते तर अख्खी मंडळी तोंडं उघडी ठेवून तिथेच उभी! बत्तीस वर्षं ते त्या जागी थांबत आले होते. लेकरं थांबायला शिकली होती, त्यांची लेकरं शिकली होती. त्यांच्या लेखी गीत तसंच होतं. मी मागे वळले तोवर ते पुढे सुटले, मी पकडायला धावले तोवर ते कडव्याच्या शेवटी रेंगाळायला लागले. शेवटी हार्डवेअरवाल्यांनी एकट्यानेच "आमेन" म्हणून गीत संपवलं.

दुसऱ्या रविवारी मी लय हळू केली, तर ते धावले. तिसऱ्या रविवारी अर्धे गातच नव्हते. मोठ्या बाई, आपलं पाचारण पाळून, माझ्या तोंडावर म्हणाल्या, "तुझं शिक्षण झालंय गं, पण तुला वाजवता येत नाही." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी चौथ्या बाकाकडे बघितलं. मावशीने बाकाची कड दोन्ही हातांनी धरली होती आणि तिचे पाय जमिनीवर भाता मारत होते. मी नजरेने म्हणत होते, ये ना गं. ती उठली नाही.

मंगळवारी पाळकसाहेब, हार्डवेअरवाले आणि मोठ्या बाई असे तिघे खोलीवर आले. इस्त्रीच्या टेबलाला टेकून उभे राहिले, कारण खुर्ची एकच होती आणि ती मोठ्या बाईंनी घेतली.

"पेटीबाई, झालं गेलं विसरा," हार्डवेअरवाले म्हणाले. "रविवारपासून या."

"आणि देवाला काय सांगू?"

"देवाचं पाळकसाहेब बघतील."

पाळकसाहेब खाकरले. "मी यावर प्रार्थना केली. मला वाटतं, तुमच्या आज्ञापालनाची परीक्षा झाली, तुम्ही उत्तीर्ण झालात. आता परत वाजवायला हरकत नाही."

मावशीने मशीन थांबवलं.

"बत्तीस वर्षं मी वाईट वाजवलं," ती म्हणाली. "तुम्हा तिघांनाही कान आहेत. एकाने तरी म्हणावं, बाई, जरा शिकून घे? एक शब्द नाही. माझ्यामागे हसलात, माझ्यासमोर 'आमेन' म्हणालात. शेवटी ते काम देवाला करावं लागलं. आता मी त्याचं ऐकू की तुमचं?"

वर दवाखान्यात कोणीतरी कण्हलं. मोठ्या बाई पहिल्यांदाच, मला आठवतंय तसं, काहीच न बोलता उठल्या. तिघे गेले.

मी मनातून खूश झाले होते. म्हटलं, बरी जिरवली. मग सहज विचारलं, "मावशी, देव तुझ्याशी बोलला तेव्हा आवाज कसा होता गं?"

"तुझा," ती म्हणाली.

मला कळेना.

"धड्यांचा दुसरा आठवडा होता. मी दोरा आणायला गेले होते, परत आले तर तू आत दोन मैत्रिणींना माझी नक्कल करून दाखवत होतीस. या मशीनवर बसून. पाय धाडधाड, आणि मग अंगठ्याने पट्टी उचकटणं. मी दाराबाहेर होते. त्याच सकाळी मी विचारलं होतं, प्रभू, काय हवंय? इतक्या लवकर उत्तर येईल असं वाटलं नव्हतं."

माफी मागायची होती, पण मी हातातलं बटण पुन्हा पुन्हा त्याच जागी टाचत राहिले. मग म्हटलं, "मी नाही बसणार आता त्या स्टुलावर. माझ्या पेटीवर कोणी गात नाही, सगळे हसतात. मी उद्याच पाळकसाहेबांना सांगते."

मावशीने पँट उलटी केली, खडूची खूण बघितली आणि सुईत दोरा ओवला.

"बसायचं," ती म्हणाली. "दर रविवारी बसायचं. तुला काय वाटलं, अवघड काम त्याने मला एकटीलाच सांगितलंय?"