बोडीच्या पारीवरची आग

माझं अक्षर वाईट आहे आणि शुद्धलेखन त्याहून वाईट. चौथीनंतर शाळा सुटली, तेव्हापासून लिहिणं म्हणजे किराण्याची चिठ्ठी आणि बँकेतली सही. हे कागद कोणाच्या हाती पडलेच तर त्याने चुकांबद्दल माफ करावं आणि जमेल तसं वाचून घ्यावं. आमच्या बचत गटाच्या बैठकीत त्या आगीची गोष्ट निघाली की चार बाया चार तऱ्हेने सांगतात, आणि मी चहाचे कप उचलून आत जाते. चारचौघींत मला बोलता येत नाही. म्हणून घरी कोणी नसताना लिहून ठेवते आहे.

आमची वस्ती भंडाऱ्याच्या बाहेर, मोठ्या रस्त्याच्या आतल्या बाजूला आहे. मी लग्न होऊन आले तेव्हा इथे बोडी होती, म्हणजे धानाला पाणी देणारा लहान तलाव, आणि बोडीच्या पारीवर आमची आठ-दहा घरं. तलावाचं पाणी अडवणारा जो मातीचा उंच काठ असतो, त्याला आम्ही पार म्हणतो. समोर सगळ्या धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेले शेताचे तुकडे. पुढे त्या बांध्यांचे प्लॉट पडले. फॅक्टरीतले नोकरीवाले, शाळेचे मास्तर, दुकानदार यांची पक्की घरं उभी राहिली. त्या भागाला सगळे लेआउट म्हणतात आणि आमच्या भागाला अजूनही बोडी.

तेव्हा आग लागली की पहिल्या हाकेला माणसं धावत. बोडीच्या पायऱ्यांपासून घरापर्यंत रांग लागायची आणि पाण्याचे गुंड, बादल्या, पातेल्यासारखे गंज, हाती येईल ते भरून पुढे जायचं. एक-दोन जण छपरावर चढून कवेलू, म्हणजे कौलं, काढायचे. बंब शहराच्या पलीकडून यायचा, बाजारातून वाट काढत. तो पोचेपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असायचं. "बंब राख भिजवाले येते," असं माझे सासरे म्हणायचे.

मग मोठ्या रस्त्याच्या वळणावर फायर स्टेशन झालं. दोन लाल गाड्या आल्या, वर्दीतले जवान आले, समाजमंदिराच्या भिंतीवर मोठ्या आकड्यांत फोन नंबर रंगवला गेला. उद्घाटनाचा पेढा आमच्या घरापर्यंत आला. आता काळजी नाही, असं जो तो म्हणू लागला. ते खरंही होतं. गाडीचा भोंगा वाजला की आमच्या अंगणात ऐकू येई, इतकं स्टेशन जवळ. पण त्याच वर्षी बोडीच्या पायऱ्यांवर बेशरमाची झाडं वाढली आणि कोणी ती कापली नाहीत. घराघरांत नळ आले होते, पायऱ्यांवर जायचं कोणाला काम उरलं नव्हतं.

त्याच सुमारास आमच्या गटाने बँकेचं कर्ज काढून बिछायत घेतली. मंडपाचं कापड, कनाती, दऱ्या म्हणजे मोठ्या सतरंज्या, खुर्च्या, स्वयंपाकाचे मोठे गंज. लग्न असो की तेरवी, लोक बिछायत भाड्याने नेतात आणि भाड्यातून हप्ता निघतो. ठेवायला जागा नव्हती. आमच्या घराला लागून मोकळी जागा होती, तिथे टिनाचं शेड उभं केलं. चाबी माझ्याकडे राहिली. गटात प्रत्येकीच्या सहीवर कर्ज होतं. एकीने घरच्यांशी भांडून सही केली होती, एकीच्या नवऱ्याने अजून तिच्याशी नीट बोलणं सुरू केलं नव्हतं. शेडमध्ये काय आहे ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

लग्नाचे दिवस जवळ आले होते. दऱ्या धुऊन, वाळवून, घड्या करून ठेवल्या होत्या. दुपारची वेळ होती. नवरा राइस मिलमध्ये कामावर. मी ओसरीत तांदूळ पाखडत होते. वारा सुटला होता. शेडच्या मागे चुलत सासऱ्यांच्या तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, ढीग होता आणि वर खांबावरच्या तारा लोंबत होत्या. तारा एकमेकींना लागल्याचा कडकड आवाज मी ऐकला, पण तो रोजचाच. सुपातून मान वर केली ती वासाने. तणस पेटलं की आधी गोडसर वास येतो, मग धूर.

मी बाहेर आले तर लोक आधीच जमले होते. आणि उभे होते. अर्ध्यांच्या हातात मोबाइल होता. मला वाटलं, कोणीतरी फोन केला असेल. प्रत्येकाला तेच वाटत होतं.

"फोन लावला का कोणी?" मी जावेला विचारलं.

"लावला असन ना. आता येते गाडी, इथं तं आहे."

"कोणी लावला?"

तिने इकडेतिकडे पाहिलं. "मले का माहीत? तूच लाव. चाबी तुह्यापाशी हाय."

अनोळखी माणसाशी मी फोनवर कधी बोलत नाही, गॅसवाल्याशीसुद्धा नवरा बोलतो. भिंतीवरचा नंबर पाठ होता, तो लावला. पलीकडून एका तरुण माणसाचा आवाज आला. बोलणं आमच्याकडचं नव्हतं.

"कुठून बोलताय?"

"आग लागली जी. बोडीच्या पारीवर."

"पारावर? कुठल्या पारावर?"

"पारीवर. बोडीच्या."

"बरं, कळलं. निघालोच."

आणि खरंच, फोन ठेवते तोच भोंगा वाजला. सगळ्यांनी सुस्कारा टाकला. माझ्या बाजूच्या म्हाताऱ्याने तर बिडी काढली. "पाहा, याले म्हणते सोय," तो म्हणाला.

भोंगा जवळ आला आणि मग दूर जाऊ लागला. आम्ही सगळे रस्त्याकडे बघत होतो. आवाज लेआउटच्या आत गेला, तिकडे कुठेतरी घुमला आणि थांबला. तणसाचा ढीग आता खालून लाल झाला होता. वारा शेडच्या दिशेने होता. टिनाचा पत्रा तापून ठणठण वाजत होता. तरी कोणी हललं नाही. गाडी येणार होती ना. आवाज आत्ताच ऐकला होता ना. हा विचार माझ्याही डोक्यात होता, म्हणून मी लोकांना नावं ठेवत नाही.

तेवढ्यात आमच्या गटाच्या अध्यक्ष आल्या. आम्ही त्यांना काकू म्हणतो. भाजी विकून परत येत होत्या, डोक्यावर रिकामी टोपली. धूर पाहून टोपली तिथेच टाकली.

"काय व, वरात पाहून राहिल्या का? कुलूप खोल ना."

मी कुलपाशी धावले. चाबी भोकात जाईना. काकूंनी माझा हात धरून चाबी फिरवली. दार उघडलं तशी आतली गरम हवा तोंडावर आली. मागच्या भिंतीजवळ कनाती होत्या, त्यांना धग लागून काळा धूर निघत होता. आम्ही दारातल्या दऱ्या ओढायला लागलो. एक दरी दोघींना उचलत नाही. तेव्हा बाकीच्या बाया पुढे आल्या, मग माणसंही आली. गंज बाहेर लोळवले गेले. कोणीतरी नळ सोडला, पण ती नळाची वेळ नव्हती. बादल्या घेऊन बोडीकडे धावले तर पायऱ्या बेशरमात बुडालेल्या. पाणी समोर दिसत होतं आणि उतरता येत नव्हतं. दोन जण झाडांत घुसले, ते गुडघ्याएवढ्या चिखलात फसले.

लेआउटमधले एक रिटायर भाऊ मोटारसायकल घेऊन गाडी शोधायला गेले. ती त्यांना पिंपळाच्या ओट्यापाशी सापडली. मारुतीच्या देवळासमोर पिंपळ आहे, त्याला गोल सिमेंटचा ओटा आहे. जवान तिथे उतरून आग शोधत होते. देवळातल्या पुजाऱ्याला विचारत होते, बोडी आडनावाचं घर कोणतं.

गाडी आली आणि पाण्याच्या एका मोठ्या झोताने ढीग बसला. शेडचं मागचं अर्धं शांत व्हायला वेळ लागला नाही. मंडपाचं सगळं कापड गेलं, कनाती गेल्या, खुर्च्या वितळून एकमेकींना चिकटल्या. दऱ्या आणि गंज वाचले.

"पत्ता कोणी सांगितला होता?" एका जवानाने विचारलं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"फोनवर बोलता येत नाही तं कायले लावला?" गटातली एक बाई म्हणाली. तिचा नवरा शेजारीच उभा होता, तिच्याशी न बोलणारा तोच.

संध्याकाळी काकूंच्या अंगणात बैठक बसली. हप्ता तर भरायचाच होता. जळलेल्या खुर्च्यांचं भाडं येणार नव्हतं. दोघी म्हणाल्या, आमचं नाव काढा. एक म्हणाली, ज्याच्या चुकीनं गाडी भटकली त्यानं पहिले भरावं. मी काय चुकीचं सांगितलं ते मला कळत नव्हतं. बोडीची पार ती बोडीची पार. लग्न झाल्यापासून तिथेच राहते.

"चुकी कोणाची ते उद्या पाहू," काकू म्हणाल्या. "तू चाल माह्यासंग स्टेशनावर."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी गेलो. मी काकूंच्या मागे उभी राहिले. फोन घेणारा जवान तोच होता, साताऱ्याकडचा, नुकताच बदलून आलेला. त्याचाही चेहरा उतरलेला होता.

"ताई, तुम्ही पारावर म्हणालात ना?"

"पारीवर," मी म्हटलं. आवाज इतका बारीक की मलाच ऐकू आला नाही.

"तेच ना."

"तेच नाही," काकू म्हणाल्या. "चाल, दाखवतो तुले."

तो खरंच निघाला, स्टेशनचे साहेबही निघाले. आम्ही त्यांना बोडीच्या काठावर आणलं. काकूंनी पाय आपटून दाखवला. "ही पार. आपण पारीवर उभे आहो."

त्याने टाचेने माती दाबून पाहिली. "आमच्या गावी झाडाभोवती बांधतात त्याला पार म्हणतात. मी म्हटलं, गावात पिंपळाला एकच पार आहे."

"तो ओटा व्हय."

"मग याला आम्ही बांध म्हणतो."

"बांध तं बांधीले असते, बाबू. तू धानाच्या मुलखात आला, इकडची भाषा शिकून घे. नाहीतर पुढच्या वेळी लग्नघरी पाणी मारशीन."

साहेब हसले, तोही हसला. मला मात्र हसू आलं नाही. एका वेलांटीचा फरक होता आणि तेवढ्यात आमची बिछायत गेली होती.

साहेबांनी मग आम्हाला सोडलं नाही. गल्लीगल्लीत सोबत नेलं आणि प्रत्येक जागेला आम्ही काय म्हणतो ते विचारलं. गुरं जमायचं आखर कुठे, गावालगतची खारी कुठे, तुटका नाला कोणाला म्हणतात. काकू बोलत होत्या, आणि त्या विसरल्या की मी हळूच सांगत होते. तो जवान कागदावर उतरवत होता. त्यांनी आम्हालाही ऐकवलं. गाडी जवळ आहे म्हणून हात बांधून उभं राहू नका. एकाने फोन करावा, एकाने मोठ्या रस्त्यावर येऊन हात दाखवावा, बाकीच्यांनी पाणी आणावं. तणस घराजवळ ठेवू नका. त्या आठवड्यात आम्ही बायांनी विळे घेऊन बेशरम कापलं. पायऱ्या खाली तशाच होत्या, नुसत्या झाकल्या गेल्या होत्या. बैठकीत माझ्या चुकीचा विषय पुन्हा निघाला नाही. माफीही कोणी मागितली नाही.

पुढच्या वर्षी धान कापल्यावर पारीच्या दुसऱ्या टोकाला धानाचं पुंजणं पेटलं. कापलेल्या धानाच्या पेंड्या रचून ठेवतात ते पुंजणं. मधे कोरडं गवत होतं आणि गवताच्या अलीकडे आमचं शेड, आत वाचलेल्या दऱ्या आणि कर्जाचा उरलेला आधार. मी फोन लावला. "बोडीच्या पारीवर, नाल्याच्या टोकाले." पलीकडून विचारणा झाली नाही, फक्त "आलो ताई" एवढंच. जाऊ मोठ्या रस्त्याकडे पळाली. पायऱ्यांवर रांग लागली, गुंड वर येऊ लागले, आम्ही गवत भिजवत राहिलो. आग गवतात शिरली, एकदा आमच्या शेडच्या अंगाला आली. नुसता गुंडांचा आवाज आणि पेंड्या तडतडल्याचा. भोंगा वाजला तेव्हा मी वर पाहिलंच नाही. ऐकत होते की आवाज कोणत्या बाजूला वळतो. तो सरळ आमच्याकडे आला. पुंजणं अर्धं वाचलं. शेडला काही झालं नाही.

त्यानंतर आम्ही दऱ्या आणि गंजांवरच धंदा केला. मंडप नाही, खुर्च्या नाहीत, तरी तेरवीला, बारशाला, भजनाला दऱ्या लागतातच. लोक खाली बसून जेवायला तयार होते. नाव काढायला निघालेल्या दोघी गटातच राहिल्या. ज्या महिन्यात भाडं कमी पडलं त्या महिन्यात प्रत्येकीने घरातून घातलं. मला फोन कायले लावला म्हणणारीने एकदा माझा वाटा भरला, नवरा आजारी होता तेव्हा. तिने ते सांगितलं नाही, मला बँकेत कळलं.

शेवटचा हप्ता भरायला काकू आणि मी गेलो. खिडकीतल्या मुलीने पैसे मोजून घेतले, कागदावर शिक्का मारला आणि म्हणाली, तुमच्या गटाचं कर्ज पूर्ण फिटलं.