बंपरवरच्या दोन रेघा

गाडी पांढरी होती आणि पहिल्या नजरेला अगदी निष्कलंक. दुसऱ्या नजरेला तिच्यावर अकरा खुणा सापडल्या. त्या मी एकेक करून वहीत उतरवल्या.

मुलांनो, पुण्याहून बडोद्याला पोचले त्याच्या दुसऱ्याच सकाळी मी वत्सूआजीबरोबर, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीबरोबर, प्रतापनगरजवळच्या एका शेडमध्ये उभी होते. तिथे स्वतः चालवायच्या गाड्या भाड्याने मिळतात. वत्सू सदुसष्ट वर्षांची आहे. चाळीस वर्षं गाडी चालवते. पण दिवाळीत सोसायटीच्या खांबाला तिचा आरसा लागला आणि तुमच्या मंदारमामाने तिची जुनी गाडी विकून टाकली. आम्ही चांपानेरला निघालो म्हटल्यावर तो म्हणाला, "जा. पण भाड्याच्या गाडीवर एक ओरखडा जरी आणलास ना आई, तर लायसन्स माझ्या कपाटात."

"ठरलं," वत्सू म्हणाली. पैज घेण्याची खोड तिला लहानपणापासूनची.

शेडचे मालक जिग्नेशभाई. त्यांचा करारनामा इंग्रजीत, चार पानी. मी खुर्ची ओढली आणि पूर्ण वाचला. विम्याची रचना मला फार गमतीची वाटली. गाडीचा विमा असतोच, पण नुकसान झालं तर पहिले दहा हजार आपल्या खिशातले, त्यापुढचं कंपनी बघणार. आधीच पाचशे रुपये जास्त भरले तर आपली हद्द दहावरून दोन हजारांवर येते. टायर, काचा आणि गाडीचं पोट मात्र कशातच धरत नाहीत.

"गाडीचं पोट का नाही?" मी विचारलं.

"मासी, तमे वकील छो?"

"नाही. निवृत्त ग्रंथपाल."

"ए तो वधारे खतरनाक," (ते तर जास्तच धोक्याचं) असं म्हणून त्यांनी चहा मागवला.

वत्सूने पाचशे भरायला साफ नकार दिला. "आधीच पैसे भरायचे म्हणजे मी ठोकणार असं लिहून दिल्यासारखं आहे, ताई."

मग तिने पिशवी उघडली. पाणीगेटच्या फुलवाल्याकडून आणलेला झेंडूचा जाड हार, कुंकू, चार लिंबं. गाडी एका दिवसाची असली तरी पूजेवाचून चाक हलवायचं नाही, हा तिचा नियम. बॉनेटवर स्वस्तिक काढलं, चाकांखाली लिंबं ठेवली आणि पुढच्या बंपरवर हार घट्ट बांधला. जिग्नेशभाईंनीही हात जोडले. त्यानंतर मी फोटो काढले, चारी बाजूंनी. वहीत बाराव्या ओळीला लिहिलं: 'पुढचा बंपर: झेंडू.' तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

हालोलचा रस्ता रुंद आहे. दोन्ही बाजूंना एरंडाची आणि कपाशीची शेतं, आणि समोर एकदम उभा राहणारा पावागड. वत्सू छान चालवते, फक्त सगळ्या ट्रकवाल्यांशी बोलत चालवते. वेग वाढला की पुढून बारीक खरखर ऐकू येई. थांबलं की बंद. "वारा आहे," ती म्हणाली.

चांपानेरला रस्ता जुन्या कोटाच्या दरवाजातून जातो. समोरून रिक्षा आली. मी उतरून हात दाखवू लागले. दगड आणि गाडी यांत वीतभर जागा. कडेचा चहावाला ओरडला, "आववा दो, मासी, घणी जग्या छे!" (येऊ द्या, भरपूर जागा आहे.) वत्सू सहीसलामत आली, निदान मला तरी तसंच दिसलं.

मशिदीच्या दगडी जाळ्या बघताना दुपार झाली. एकीसारखी दुसरी नाही, म्हणून मी मोजायला लागले तर वत्सू भुकेने कावली. बाहेर सावलीत लीलो चेवडो (बटाटा आणि हरभऱ्याच्या डाळीचा ओलसर चिवडा) खाल्ला. हार सुकला होता. वत्सूने तो ओढून काढला आणि वडाच्या बुंध्याशी ठेवला. बंपरकडे आम्ही दोघींनीही पाहिलं नाही.

संध्याकाळी शेडमध्ये जिग्नेशभाई वाकले आणि वाकलेलेच राहिले. बंपरवर दोन रेघा होत्या.

"घसरका (ओरखडे) छे, मासी. दरवाजाला अडी गई हशे (घासली असेल). कलरचे अठराशे."

पाचशे भरले असते तरी हे अठराशे आमचेच होते. दोन हजारांच्या आतलं सगळं आपलं. पण वत्सू हिशोब ऐकतच नव्हती. ती स्वतःच्या हातांकडे बघत होती. "लागली असेल, ताई. मला कळलंसुद्धा नाही. मंदारचं बरोबर आहे."

मला ते पटेना. दगडाने एकाच बाजूला लागलं असतं. इथे डावीकडे एक, उजवीकडे एक, सारख्याच उंचीवर. मी सकाळचा फोटो मोठा करून पाहिला. हाराची दोन्ही टोकं नेमकी तिथेच, आणि फुलांतून बाहेर आलेली लोखंडी तार.

"वत्सू, हार कशात ओवला होता?"

"तारेत. दोरा हायवेवर टिकत नाही म्हणून मीच सांगितलं."

"आणि ती खरखर परतताना ऐकलीस का?"

तिने नव्हती ऐकली. जिग्नेशभाईंनी फोटो पाहिला, रेघेवरून अंगठा फिरवला आणि मोठ्याने हसले. "आ तो हारनो गुनो!"

एवढ्या आनंदाने नुकसानभरपाई देणारं माणूस मी पाहिलेलं नाही. वत्सूने अठराशे मोजले आणि पावतीवर बोट ठेवलं. "कारण लिहा. फूलहार."

"मासी, बधा हसशे."

"हसू देत. सही करा."

अकोट्याला घराच्या फाटकात मंदार उभा होता. तिने त्याला बोलूच दिलं नाही, पावती हातात ठेवली. त्याने ती दोनदा वाचली. "पण आई, ओरखडा तर आलाच ना?"

"आला. पण ड्रायव्हिंगने नाही, भक्तीने. भक्तीचं लायसन्स काढून घे हवं तर."

तुम्ही तिकडे परदेशात गाडी भाड्याने घ्याल तेव्हा चार बाजूंचे फोटो काढालच. पण आधी गाडीवर जे काही असेल, बर्फ, पानं, चिखल, ते पुसून मग काढा. झाकलेल्या जागेची नोंद ही नोंद नसते, हे मला एवढी वर्षं पुस्तकं मांडूनही आत्ता कळलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मला स्टेशनवर सोडायला मंदारने स्वतःच्या गाडीची किल्ली आईच्या हातात दिली. तिने आरशाला एकच झेंडू बांधला, दोऱ्याने.