तीनशे अकरा आणि तीनशे बारा

अर्नेस्टिना बाल्देनेग्रो थकली होती, आणि ते लपवण्याइतकीही ताकद तिच्यात उरली नव्हती. अमेरिकेतल्या टूसॉनमधल्या वेधशाळेच्या वर्कशॉपात केसाएवढे काचेचे तंतू घासायचे, ओळीने लावायचे, चिकटवायचे, यातच तिची एकतीस वर्षं गेली. मान आखडली, डोळे अधू झाले. सगळे तिला 'तिया' म्हणत, म्हणजे स्पॅनिशमध्ये मावशी. मावशी म्हटलं की कामं सांगायला बरं पडतं.

हा वर्णपटमापक तिचा शेवटचा. डोंगरावरच्या मोठ्या दुर्बिणीतला प्रकाश सहाशे तंतूंनी यंत्रात न्यायचा, एका ताऱ्याला एक तंतू, आणि मग त्याचे रंग सुटे करून वाचायचे. नऊ वर्षं लागली. त्यातली चार वरच्यांनी आराखडे बदलण्यात घालवली, पण उशीर झाला की बोट वर्कशॉपकडेच. शुक्रवारी तिया निवृत्त होणार, सोमवारी यंत्र ट्रकवर चढणार. एकतीस वर्षांत तिच्या हातून एकही तंतू इकडचा तिकडे झाला नव्हता. तिचा तोरा तेवढाच, आणि तो घेऊन तिला घरी जायचं होतं.

गुरुवारी शेवटची पडताळणी सुरू झाली. संगणकवाला गॅरेट पडद्याआड एकेका तंतूवर दिवा धरून आकडा पुकारी. दुसऱ्या टोकाला तिया भिंगातून बघे, कुठलं टोक उजळलं ते, आणि तो आकडा परत देई.

"तीनशे अकरा!"

उजळला तीनशे बारावा.

तिने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. ही ओळ तिने बहिणीला मूठमाती दिल्याच्या दुसऱ्या दिवशी लावली होती. रजा मिळत होती, तिनेच घेतली नाही. मी नसले तर कोण लावणार, म्हणाली होती. नेमकी तिथेच माशी शिंकली.

"तिया, झोपलीस काय? जेवणातला बरीटो अंगावर आला वाटतं!"

'अकरा' म्हटलं असतं तर काम भागलं असतं. डोंगरावर कुणाच्या लक्षात येईपर्यंत ती घरी बसलेली असती. तसं म्हणावंसं तिला फार वाटलं.

"बारा," ती म्हणाली. "दोन्ही उलटे लागलेत. माझ्याच हातून."

प्रमुख हॉलिस धावत आला.

"मला दोन महिने दे. ओळ नव्याने लावते."

"अगं बाई, सोमवारी ट्रक आहे! आणि चिकटलेलं उखडायला गेलीस तर पन्नास तंतू हातचे जातील. कुठला तंतू कुठल्या ताऱ्याचा ते सांगणाऱ्या फाइलीत गॅरेट दोन आकडे बदलेल. संपलं."

तो गेलासुद्धा. आपली चूक इतकी स्वस्तात सुटली याचं तिला बरंही वाटलं आणि वाईटही.

शुक्रवारी केक कापून झाल्यावर गॅरेटने तिला फाइल दाखवली. त्या दोन आकड्यांपुढे त्याने टीप लिहिली होती: 'उलटे लागले आहेत. लावणारी आणि चूक शोधणारी, अर्नेस्टिना बाल्देनेग्रो.'

"नाव काढू का, तिया? यंत्र चालेल तोवर डोंगरावरचे लोक ही फाइल रोज उघडणार."

यंत्रावरच्या शोधनिबंधाला एकशे चाळीस नावं होती. त्यांत तिने आपलं दोनदा शोधलं होतं.

"राहू दे," तिया म्हणाली. "नऊ वर्षांत माझं नाव एवढ्या एकाच ठिकाणी लागलंय."