ऊन जास्त झालं तेव्हा

वीजवाहिन्यांच्या नियंत्रण कक्षात तिला सगळे चौकशीबाई म्हणत, आणि ते काही उगाच नव्हतं. भिंतीएवढ्या पडद्यावर विजेची मागणी एकदम चढली की बाकीचे ती सांभाळायच्या मागे लागत. ही बया सांभाळायचीही, पण तोंडानं चालूच, आत्ता लोकांनी असं काय बरं लावलं असेल? उत्तर मिळेपर्यंत तिला घास गोड लागत नसे.

छपरांवर, माळांवर सोलर पॅनेल आली आणि तिचे प्रश्न दुप्पट झाले. पूर्वी वीज कमी पडते म्हणून फोन करावे लागत, आता जास्त होते म्हणून. सुट्टीचा दिवस, कारखाने बंद, वर रणरणतं ऊन, की लाइन तिला झेपेल त्याच्या वर भरायची. अशा वेळी वीज आयोगाचा नियम होता, जो प्रकल्प शेवटी जोडला गेला त्यानं आधी थांबायचं. आणि तिच्या भागात शेवटी जोडला गेला होता तो तिच्याच धाकट्या भावाचा सोलर प्रकल्प. घ्या आता!

त्याचा प्रकल्प पहिल्यांदा थांबवला तेव्हाच त्यानं अबोला धरला. सख्खी बहीण आत बसलेली आणि गदा माझ्यावरच, असं आईला ऐकवून गेला. ही समजावायला गेली, तर दार भावजयीनं उघडलं आणि भाऊराया मागच्या दारानं पसार. तिला फार लागलं ते. तेव्हापासून त्याला फोन शेजारचा सहकारी करायचा.

त्या सुट्टीच्या दुपारी नेमका सहकारी आजारी. लाइनचा आकडा शंभर टक्क्यांच्या वर जाऊन लाल झाला. आता फोन तिलाच करणं भाग होतं.

असं प्रत्येक बोलणं टेप व्हायचं. हुकूम द्यायचा, समोरच्यानं तो शब्दन्‌शब्द परत म्हणायचा. नाही म्हटला तर इथूनच त्याची जोडणी तोडायची आणि वर तक्रार. तिनं हुकूम दिला, निर्मिती निम्म्यावर आणा. पलीकडे सामसूम. तक्रार केली तर हा जन्मात आपलं तोंड बघणार नाही.

"निर्मिती निम्म्यावर आणतो," तो अखेर म्हणाला. फोन मात्र ठेवला नाही. "किती आहे आकडा?"

"एकशे चार."

त्यानं पॅनेलांचा एक इन्व्हर्टर बंद केला. "आता?"

"एकशे दोन."

"आता?"

तिला हसू फुटलं. लहानपणी गच्चीवरच्या टाकीशी ती उभी असायची आणि खाली नळाशी तो, अस्साच ओरडायचा.

"नव्व्याण्णव. हिरवा झाला."

"माझ्यामुळे?"

"तुझ्यामुळेच."

मग तो म्हणाला, "पुढच्या वेळी फोन तूच कर, ताई. तो दुसरा नुसता बंद करा म्हणतो. उतरला का, ते कधी सांगत नाही."

सगळं टेपवर गेलं, ताईसकट. जाऊ दे, म्हणाली ती, आणि डोळे पुसून पुन्हा पडद्याकडे वळली.