परमिट रूमचं हळदीकुंकू

हसू नका असं आधीच सांगून ठेवतो, म्हणजे निदान जरा उशिरा हसाल. मूर्खपणा कुणाच्याही हातून होतो हो! पण आमंत्रणं देऊन, स्वयंपाक करून, पाहुण्यांना दारापर्यंत सोडून मूर्खपणा करणारा अख्ख्या पालघर जिल्ह्यात मी एकटाच असेन.

बोईसरहून नवापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं छोटंसं हॉटेल आहे. धंदा बरा चालला होता. पण तारापूरच्या कारखान्यांतले लोक शनिवारी यायचे, मेनूकार्ड उघडायचे आणि विचारायचे, "सेठ, बियर मिलेगी?" नाही म्हटलं की मेनूकार्ड बंद आणि गाडी पुढे! माझी सुरमई मसाला लावून तयार, आणि गिऱ्हाईक दुसऱ्याच्या दारात. जीव जळायचा नुसता.

म्हणून मागच्या वाडीत नारळाची चार झाडं वाचवून एक हॉल बांधला. एसी, मऊ खुर्च्या, मंद दिवे. झकास परमिट रूम! फक्त परमिट तेवढं नव्हतं.

"आधी परवाना, मग हॉल, असं करतात ना लोक?" बायको म्हणाली. आमच्या सुलभाला असले प्रश्न नेमके पडतात.

पालघरच्या उत्पादन शुल्क कार्यालयात गेलो. तिथल्या साहेबांनी अर्ज वरखाली पाहिला. "बाकी ठीक आहे. ग्रामसभेचा ना-हरकत ठराव आणा. आणि हो, बायकांची हरकत नको. त्यांनी एकदा नाही म्हटलं की ही फाईल जागची हलणार नाही."

म्हणजे घोडं तिथे अडलं होतं तर! पुरुषांची मला काळजीच नव्हती. जो भेटेल तो पाठीवर थाप मारून म्हणायचा, "मनू, तू लायसन काढ रे, आमी हाय ना!"

ग्रामसभा सव्वीस जानेवारीला. संक्रांत नुकतीच झालेली. आणि माझ्या डोक्यात एकदम ट्यूब पेटली. हळदीकुंकू!

"गावातल्या झाडून सगळ्या बायकांना बोलवायचं," मी सुलभाला म्हटलं. "नव्या हॉलमध्ये."

"परमिट रूममध्ये हळदीकुंकू?"

"अगं, एकदा माझ्या हातचं खाल्लं की हात आपोआप वर होतात."

"पण हात कशासाठी वर करायचा, ते त्यांना सांगणार आहात ना?"

"सणासुदीला दारूचा विषय काढतात का? शोभतं का ते?"

सुलभा माझ्याकडे बघतच राहिली. मला वाटलं, कौतुकाने.

मी कुणालाच वगळलं नाही. सवाष्ण, विधवा, असला भेद नाही. मताला मत! पहिलं आमंत्रण हिरामावशीला. ती आमच्याकडे माझ्या वडिलांच्या काळापासून मासळी घालते. ती हो म्हणाली की अर्धं गाव हो म्हणतं, आणि उरलेलं अर्धं तिला घाबरून हो म्हणतं.

त्या दिवशी मी स्वतः उकडहंडी लावली. वालपापडी, कोनफळ, रताळी, ओल्या नारळाचं वाटण, सगळं मडक्यात भरून मंद आचेवर. वाण म्हणून चहाची गाळणी. बायका आल्या आणि त्या एसीत अशा काही रमल्या की विचारू नका! उखाणे झाले, फुगड्या झाल्या. माझ्या मऊ खुर्च्या भिंतीला गेल्या आणि मंद दिवे जाऊन ट्यूबलाइटी लागल्या.

जाताना हिरामावशी थांबली. "मनू, तुझा काका गेल्यापासून मला कोनी हळदीकुंकवाला बोलावलं नाय रे. तू बोलावलंस." आणि पदराने डोळे पुसले.

खरं सांगतो, मला एकदम भरून आलं. आणि लाजही वाटली, कारण मी मावशीला नव्हे, तिच्या मताला बोलावलं होतं. पण बोललो काय? "मावशी, हा हॉल तुमचाच समजा!"

आता, असं वाक्य आपण समोरच्याने खरं धरावं म्हणून बोलतो का?

दुसऱ्याच दिवशी बचतगटाची बैठक हॉलमध्ये. त्यानंतर भिशी. मग हिरामावशीच्या सुनेच्या डोहाळजेवणाचं बुकिंग. मी खुशीत! जी बाई उंबरा ओलांडून आत येई, ती मला एक मत दिसे. मी चहावर भजी फुकट सोडत होतो.

ग्रामसभेच्या दिवशी बायकांना आणायला मी रिक्षासुद्धा लावल्या. हो, मीच! एरवी ज्या सभेला माणसं गोळा करताना ग्रामसेवकाच्या नाकी नऊ येतात, तिथे त्या दिवशी बसायला जागा नव्हती. ग्रामसेवकाने विषय वाचला, "मनोहर यांच्या हॉटेलमागील हॉलमध्ये परमिट रूम सुरू करण्यास ना-हरकत देणे."

तोच हिरामावशी उठली.

"कुठला हॉल? आमचा हॉल?"

झालं! एकच गलका उठला. "आमी बसायचं कुठं?" "भिशी कुठं करायची?" "तिथं दारुडे बसवनार?" मी आशेने पुरुषांकडे पाहिलं. पाठीवर थापा मारणारे सगळे छताचा पंखा न्याहाळत होते. एकाने हात वर केला होता खरा, पण त्याच्या बायकोने मान वळवताच त्याच हाताने तो डोकं खाजवायला लागला.

"थांबा गो!" हिरामावशीने सगळ्यांना गप्प केलं. "मनू आपला भाऊ हाय. त्यालाच विचारू. मनू, माझ्या सुनेचं डोहाळजेवन हाय का नाय आपल्या हॉलात? आनि तुझ्यासारखी उकडहंडी या गावात कोनाला जमते का?"

आता बघा, मला शिव्या घाला, मी उलटून बोलेन. पण माझ्या उकडहंडीला कुणी चांगलं म्हटलं की मी बर्फासारखा विरघळतो.

"नाही कसं, मावशी?" मी छाती फुगवून म्हणालो. "डोहाळजेवण आपल्याच हॉलमध्ये! खीर माझ्याकडून!"

"मग हॉल हाय तसाच राहनार, म्हनून हात वर कर!"

केला. टाळ्यांचा कडकडाट झाला. दोन बायकांनी तर शिट्ट्या मारल्या. ग्रामसेवकाने कागद पुढे सरकवला, मी त्याच भरात सही ठोकली. सुलभा कोपऱ्यात पदर तोंडात कोंबून बसली होती.

आठवड्याने तो कागद घेऊन पालघरला गेलो. साहेबांनी वाचला. चष्मा पुसून पुन्हा वाचला.

"परवान्याला विरोधाचा ठराव आहे हा. सूचक, हिराबाई. आणि अनुमोदक म्हणून ही सही कुणाची?"

"माझी."

"आणि अर्जदार?"

"तोही मीच."

साहेबांनी अर्ज हळूच माझ्याकडे परत सरकवला, खुर्ची जरा पुढे ओढली आणि आवाज उतरवून म्हणाले, "मला सांगा, तुमचा हा हॉल पुढच्या रविवारी मोकळा आहे का? मुलीचं केळवण करायचंय. घरचं, साधंच. दारूबिरू नको, आमच्याकडे चालत नाही."

आणि मी काय केलं? तोच अर्ज उलटा केला, मागच्या कोऱ्या बाजूला 'रविवार, केळवण' असं लिहिलं आणि विचारलं, "साहेब, उकडहंडी ठेवू ना?"