पहिला पांढरा दात

माझे दुधाचे दात आले तेच पिवळट, मुळाशी करडे. आई बोटाने कितीही घासायची, रंग हलायचा नाही. धसईच्या बाजारात बायका विचारायच्या, "एवढ्याशा पोरीला मिशरी लावतेस काय गो?" आमच्याच गावात दिलेली आत्या तर म्हणायची, "पोटुशी असताना हीच लावत असणार." आईने मिशरीला कधी हात लावला नव्हता.

मी पहिलीत असताना शाळेत दात तपासायला एक डॉक्टरीणबाई आल्या. माझं तोंड बघून त्यांनी आईला बोलावणं धाडलं. ती लावणी सोडून चिखलाच्या पायांनीच आली.

"हिच्या वेळी पोटुशी असताना काही औषध घेतलं होतंत?"

"सातव्यात ताप नि खोकला होता. डॉक्टरांनी कॅप्सूल दिलेल्या. लाल-पिवळ्या."

"टेट्रासायक्लिन असणार. दुधाचे दात पोटातच घडत असतात, हे औषध त्यांत उतरतं. तुमची काही चूक नाही. जन्मल्यावर हिला कधी दिलंत?"

"नाय."

"मग काळजी नको. पुढचे पक्के दात जन्मानंतर घडतात. ते पांढरे येतील."

"पांढरे?" मी एवढ्यांदा ओरडले की अख्खा वर्ग हसला.

तेव्हापासून जिभेला दुसरं काम नव्हतं. खालचा पुढचा दात ढकलून ढकलून एकदाचा भाकरीत अडकून निघाला. मग रोज सकाळी आई मला दारात उजेडाला धरायची, "आ कर." एके सकाळी ती किंचाळलीच. हिरडीतून तांदळाच्या कणीएवढं काहीतरी वर आलं होतं, करवतीसारख्या बारीक दात्यांचं. शुभ्र!

आईने मला धरून जवळजवळ पळतच आत्याच्या घरी नेलं. "ताई, बघा. औषधाचं होतं ते."

आत्याने माझी हनुवटी वर केली, बराच वेळ पाहिलं. "पांढराच हाय गो." एकदम तिचा चेहरा उतरला. ती आत धावली नि गोळ्यांची पुडी घेऊन आली. तिच्या सुनेला, माझ्या वहिनीला, आठवा लागला होता. "आन ह्या? ह्या चालतात काय?"

आम्हाला कुणाला सांगता येईना. मग आम्ही चौघी त्याच सकाळी एसटीने मुरबाडला निघालो. वहिनी घाबरलेली, आत्या पुडी मुठीत धरून, आणि मी मागच्या सीटवरच्या अनोळखी बायकांनाही खालचा ओठ ओढून दात दाखवत होते.

दवाखान्यातल्या नर्सबाईंनी पुडी उलगडली. "या रक्तवाढीच्या आहेत. रोज घ्यायच्या, चुकवायच्या नाहीत."

आत्याने पुडी परत घेऊन वहिनीच्या हातात दिली. मग आईकडे वळून हळूच म्हणाली, "उगाच बोलत होते मी तुला."