पाण्यावरची वेस

आमच्या गडमुडशिंगीत कुणी कुस्ती मारून आलं, फौजेत भरती झालं, की त्याला गुपचूप घरी येऊ देत नाहीत. वेशीवर जाऊन, फेटा बांधून, हलगी वाजवत आणायचं. मी वैमानिक आहे, परदेशात बेटांवर पर्यटकांना फिरवते, पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानातनं. आमच्या कंपनीनं गावाकडं, कोल्हापूरजवळच्या एका धरणावर तसल्या विमानाची चाचणी ठरवली आणि मलाच पाठवलं. आबांना, म्हणजे वडलांना, फोनवर बजावलं होतं, "काठावर थांबून बघायचं." "व्हय व्हय," म्हणाले. आबांचं 'व्हय व्हय' म्हणजे ते आपल्याच मनाचं करणार.

विमानतळावरनं उडालो तेव्हा वारा बरा होता. धरणावर पोचलो तर समोरच्या डोंगराच्या खिंडीतनं वाऱ्याचे झोत सुटलेले. सलग जोराच्या वाऱ्याचं काही नाही. त्याच्याकडं तोंड करून उतरलं की विमान सावकाश टेकतं. वाईट तो थांबून थांबून येणारा. झोत आला की पंख उचलतो, थांबला की विमान आदळतं. विमानाच्या पोटाखाली होडीसारखे दोन लांब फ्लोट असतात, जमिनीवर उतरायला त्यांनाच चाकं. त्यातल्या एकाचं टोक पाण्यात घुसलं की पलटी.

खिंडीकडं तोंड करून उतरायला एकच पट्टा होता आणि तो आधीच मोकळा करून ठेवला होता. मी खाली आले, तर पट्ट्याच्या मधोमध एक होडी. होडीत हलगीवाला, आणि दोन्ही हातांनी हार वर धरून उभा, गुलाबी फेट्यातला माझा बाप. पाण्यातनं येणाऱ्या लेकीची वेस पाण्यातच, असा त्यांचा हिशोब!

"अगं आई गं!" एवढंच तोंडातनं निघालं. शेजारचा सहवैमानिक म्हणाला, बाजूनं उतरू. बाजूनं म्हणजे वारा आडवा. तेवढ्यात एक झोत बसला आणि उजवा पंख वर उचलला गेला. शिवाय टेकल्यावर हे विमान आपणहून वाऱ्याकडं वळतं, आणि वाऱ्याकडं होडी. मी सगळा जोर देऊन विमान वर काढलं. डोक्यावरनं गेलो तेव्हा आबांनी हार हलवला. त्यांना वाटलं, मी सलामी दिली.

पुन्हा घिरटी घातली. होडी आणखीच मधे आलेली. काठावरनं लोक ओरडत होते म्हणे, पण हलगीपुढं कोण ऐकतंय? चाचणी रद्द करून मी विमानतळावर परतले.

संध्याकाळी घरी गेले तर आबा सोप्यात बसलेले, फेटा तसाच डोक्यावर.

"सगळा गाव आलता. नाक कापलंस की गं! तिकडं समुद्रात उतरतीस, आनि आपल्या धरणात जमंना व्हय?"

माझं डोकंच फिरलं. "तुम्ही मधे उभं होता, आबा! अंगावर घालू विमान?"

"अंगावर कशाला? अलीकडं थांबवायचं. एस्टीवाला न्हाई थांबवत?"

"पाण्यात ब्रेक नसतो विमानाला!"

 आबांनी फेटा काढून मांडीवर घेतला. 

"ब्रेक न्हाई," मग हळू म्हणाले. "आनि वारं असलं. मग रोज कशी थांबतीस गं पोरी तू?"

मी वेग, अंतर, लाटा असं समजावायला लागले. त्यातलं किती ऐकलं देव जाणे. माझा हात धरला होता, तो ताटं वाढली तरी सोडला नाही.